गाडी किती वर्षं ठेवणार?

माझ्या टेबलाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. गोल, निळा, झाकणाला पोचा आलेला. जुनी गाडी विकायला आली की तिच्या डॅशबोर्डच्या खणात, सीटच्या फटीत, मॅटखाली जे काही सापडतं ते आम्ही वर्षभर त्या डब्यात ठेवतो. कुणाला आठवलं तर येऊन घेऊन जातो. चष्मे, रुद्राक्ष, लहान मुलाचा एकच मोजा, लग्नाच्या पत्रिका. एकदा तर दातांची कवळी निघाली होती, आणि तिचा मालक खरंच आला, तोंडावर रुमाल धरून! किस्से पण असेच जमतात बघा. गाडी जाते नि तिच्यातलं काहीतरी मागे राहतं. एकवीस वर्षं मी या टेबलावर बसते, तेव्हा डबा किती भरला असेल याचा अंदाज करा.

आमचं दुकान उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. जुन्या गाड्या, नव्या गाड्या, लोन, लीज, आरटीओची कामं, सगळं एका छपराखाली. माणसं तीन. किशनशेठ मालक. सिंधी माणूस, गिऱ्हाइकाला ‘साईं’ म्हणतो आणि चहा पाजल्याशिवाय उठू देत नाही. कमळूदादा गाड्या धुतो, चालवून बघतो, बॉनेटला कान लावून आजार सांगतो. बारवी धरणाकडच्या वाडीवरचा, पन्नाशीचा गडी. आणि कागदपत्रांना मी, वंदना. राहायला बदलापूरला, मांजर्लीत.

दुकानात एक रीत आहे, शेठच्या वडिलांपासूनची. गाडी विकायला आणणाऱ्यानं डॅशबोर्डवरचा देव स्वतःच्या हातानं उतरवायचा. गणपती असो, झुलेलाल असो, दर्ग्याची तसबीर असो. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. देव उतरला की गाडी सुटली, असं म्हातारे शेठ म्हणायचे. तोवर सह्या झाल्या तरी त्या नुसत्या कागदावर.

किशनशेठची स्वतःची एक रीत आहे. गिऱ्हाईक आलं, रोखीनं घेऊ की लोन काढू की लीजवर घेऊ म्हणून डोकं खाजवायला लागलं, की हा एकच प्रश्न विचारतो. “साईं, गाडी कितना साल रखोगे?” दोन-तीन वर्षं म्हणालात तर लीज घ्या, हौस फिटली की परत द्या. पाच-सात म्हणालात तर लोन. आणि मरेपर्यंत म्हणालात तर सरळ रोख मोजा, डोक्याला ताप नको. हजारो लोकांना हे मी त्याच्या शेजारी बसून समजावलंय, मराठीत, हिंदीत, मोडक्या सिंधीतसुद्धा.

सात-साडेसात वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्याच घरी आला.

आमच्या ह्यांच्या, म्हणजे अनंतच्या, किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही उल्हासनगरला. रिक्षातून जाताना ठीक होतं, पण येताना माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा व्हायचा. एकदा रिक्षावाल्यानं मांजर्लीच्या आत यायला नको म्हटलं आणि रस्त्यावर सोडून दिलं. हे कठड्यावर बसले ते अर्धा तास उठले नाहीत. त्या दिवशी मी ठरवलं, गाडी घ्यायची. दुसऱ्या दिवशी तिन्ही प्रकारचे कागद घरी आणले आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवले. त्यांनी शांतपणे वाचले, चष्मा काढला.

“वंदे, ही तिन्ही कागदां एकच इचारतान गो. मी किती वरसां हाय.”

मला भीती वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. मी कागद उचलले, पर्समध्ये कोंबले आणि पुढचे पाच-सहा महिने निर्णय लांबवत राहिले. आणि नेमक्या त्याच महिन्यांत दुकानात एकेक गाडी अशी आली की काय सांगू.

*

पहिली आली ती रोखीची.

अंबरनाथचे एक रिटायर मास्तर आमच्याकडून तीन महिन्यांपूर्वी गाडी घेऊन गेले होते. शेठनं विचारलं होतं, कितना साल? मास्तर म्हणाले होते, “माझंच किती चालेल ते आधी सांगा, मग गाडीचं बघू.” आम्ही खूप हसलो होतो. मास्तरांनी पिशवीतून आपला गणपती काढला, डॅशबोर्डवर पट्टी धरून मध्य काढला आणि बरोब्बर मधोमध चिकटवला. पूर्ण रक्कम एका वेळी, आणि गाडी कमळूदादानं त्यांच्या सोसायटीत पोचवली. म्हणाले, बायकोला फार हौस होती गाडीतून समुद्रावर जायची, ती गेली आणि आता पैसे आलेत.

तीन महिन्यांनी मुलगा गाडी परत घेऊन आला. मास्तर वारले होते. मी वही काढून किलोमीटरचा आकडा ताडला. गेली तेव्हापेक्षा फक्त सातनं जास्त. म्हणजे आमच्या दुकानापासून त्यांच्या सोसायटीपर्यंत आणि तिथून परत! मुलगा ओशाळला. म्हणाला, बाबांना चालवायला येतच नव्हतं, कुणाला बोलले नाहीत. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये जाऊन स्टेअरिंगवर बसायचे तासभर, आणि वर येऊन सांगायचे, फिरून आलो. वॉचमननं सांगितलं होतं त्याला हे.

मला वाईट वाटलं. कमळूदादा मॅट झटकायला गेला नि तसाच परत आला. ओंजळीत रेती. बांधकामाची नाही, बारीक, ओली, आणि त्यात दोन शिंपले. “ताई, खाऱ्या पान्याची हाय,” म्हणाला. डाव्या बाजूच्या सीटखाली सगळ्यात जास्त होती, जिथे दुसरं माणूस बसतं.

मुलानं रेतीकडे बघितलं. त्यानं गणपतीला हात घातला तर तो हलेना. मालक तो नव्हता ना. ओढलं, कोमट फडकं लावलं, कार्ड घालून बघितलं. शेवटी दमून हात टेकले आणि हळू आवाजात म्हणाला, “बाबा, या आता घरी.” गणपती त्याच्या हातात आला.

शिंपले अजून माझ्या डब्यात आहेत.

*

दुसरी होती हप्त्याची. चूक आमची होती आणि ती आमच्यासारख्यांकडूनच व्हायची.

हप्ते थकले की फायनान्सवाले गाडी ओढून नेतात, यार्डात लावतात आणि लिलावात काढतात. तशी एक गाडी शेठनं उचलली. आता ओढून आणलेल्या गाडीचा मालक देव उतरवायला कुठून येणार? ती आपली देवासकट आली. आत हनुमान, लाल, फूटभर नाही पण चांगला वीतभर. मी म्हटलं, शेठ, जुन्या मालकाला बोलवू या. शेठला घाई होती. “भगवान तो सबका होता है दीदी, रहने दो.” आणि विकली, तशीच, बदलापूरच्या एका केटरिंगवाल्याला.

पुढच्या महिन्यात केटरिंगवाल्याचा फोन. गाडी चालू होत नाही. कमळूदादा गेला, बॅटरी बदलली, झाली चालू. त्याच्या पुढच्या महिन्यात परत फोन. आता स्टार्टर बदलला. तिसऱ्या फोनला मी तारीख लिहायला घेतली आणि मागची पानं उलटली. तिन्ही वेळा पाच तारीख. महिन्याचे बाकीचे दिवस गाडी घोड्यासारखी पळायची, पाच तारखेला सकाळी मेल्यासारखी पडून राहायची आणि सहाला हात लावायच्या आत सुरू.

मी जुने कागद काढले. पहिल्या मालकाच्या हप्त्याची तारीख पाच.

शेठचा चहा बशीतच राहिला. आम्ही त्या माणसाला हुडकून काढलं. कॅम्प चारमध्ये जीन्स शिवायच्या कारखान्यात होता. शरमेनं यायला तयार नव्हता. मी जरा दटावलं, मग दुकानात आला. केटरिंगवाल्यालाही गाडी घेऊन बोलावलं होतं. गाडीत बसला, स्टेअरिंगवरून हात फिरवला, हनुमान उतरवून शर्टाच्या आत ठेवला. केटरिंगवाल्यानं त्याला सहज विचारलं, पाच तारखेला असं का करते हो ही? तो खाली मान घालून म्हणाला,

“पाच तारखेला मीच उठायचो नाही. फोन बंद करून, तोंडावर चादर घेऊन पडून राहायचो दिवसभर.”

त्यानंतर गाडीची तक्रार नाही. पण घरी जाऊन मी लोनचा कागद पर्समधल्या सगळ्यात आतल्या कप्प्यात सरकवला.

*

मग राहिलं लीज. खरं सांगते, माझा कल तिकडेच झुकला होता. दोन वर्षांसाठी घ्या, महिन्याचे पैसे द्या, नंतर वाटलं तर वाढवा नाहीतर परत करा. कसलंच वचन द्यायला नको. फक्त लीज कंपनीची अट असते, डॅशबोर्डला काही चिकटवायचं नाही. म्हणजे लीजच्या गाडीत देव नसतो.

तेव्हाच एक मुदत संपलेली लीजची गाडी आमच्याकडे विक्रीला आली. साठ हजार किलोमीटर फिरलेली आणि आतून कोरी करकरीत. ओरखडा नाही, डाग नाही, सीटवर केस नाही, पावडर-घामाचा वास नाही. डब्यात टाकायला मला एक पिन मिळाली नाही. कमळूदादा, जो कुठल्याही गाडीत चप्पल काढून आनंदानं बसतो, तो दार उघडून उभाच राहिला. म्हणाला, “हिच्यात कोनी बसलाच नाय ताई.”

मी त्याला वेड्यात काढलं. आपल्याला हीच घ्यायचीय कदाचित, म्हणून मी स्वतः स्टेअरिंगवर बसले आणि चावी फिरवली. छान होती गाडी. एसी गार, आवाज नाही. दरवाजा लावल्यावर बाहेरचं ट्रॅफिक पण ऐकू येईना. समोर छोटा स्क्रीन लागला. या गाड्या आपापल्या मालकांचे फोन ओळखून ठेवतात ना, तसं त्यावर एक नाव आलं. इंग्रजी अक्षरं होती. अनंत कनेक्टेड.

म्हटलं, असेल. आधी ज्यानं वापरली त्याचं नाव अनंत असेल, महाराष्ट्रात अनंत काय कमी आहेत! तरी मला तिथं बसवेना. मी चावी काढली. स्क्रीन विझायच्या आधी दुसरी ओळ आली. अनंत डिस्कनेक्टेड.

मी तशीच उतरून टेबलाशी गेले आणि ह्यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. आयुष्यात इतकी लांब रिंग मी ऐकलेली नाही. अकराव्या रिंगला उचलला, म्हणाले, डोळा लागला होता, काय झालं? मी म्हटलं काही नाही, भेंडी आणू की गवार?

नंतर लीजचे कागद काढून बघितले. दोन वर्षं ती गाडी वापरणाऱ्या बाईंचं नाव फरहीन होतं.

*

तेव्हा ठरवलं, रोखच बरी. मास्तरांच्या रेतीचं मनात होतं, पण रेतीनं कुणाचं वाईट तर झालं नव्हतं. माझ्या बजेटात रोखीनं बसणारी एकच गाडी दुकानात होती आणि ती बुडालेली होती.

बुडालेली गाडी धुऊनपुसून नवी केली तरी ओळखता येते. सीटचा पट्टा शेवटापर्यंत बाहेर ओढायचा. धुणारा तेवढा ओढत नाही. या गाडीचा पट्टा कमळूदादानं ओढला तेव्हा शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची रेघ होती. मला ती रेघ ओळखीची वाटली, कारण आमच्या घराच्या भिंतीवरही ती आहे. मांजर्लीत ज्या वर्षी नदी घरात आली त्याच पाण्यात ही गाडी गेली होती. शेठ म्हणाला, घरचं माणूस म्हणून सांगतो, स्वस्तात देतो, पण विचार कर. विचार होईपर्यंत कमळूदादानं बॅटरीची वायर काढून ठेवली आणि गाडी कोपऱ्यात लावली.

जुलैमधली दुपार. चार दिवस उघडीप होती, ऊन पडलं होतं. मी फाइल लावत बसले होते आणि एकदम आवाज आला. खर्र, खर्र. कोपऱ्यातल्या गाडीचे वायपर चालू झाले होते. कोरड्या काचेवर, जोरात, धो धो पावसात लावतो तसे. शेठ म्हणाला, शॉर्ट सर्किट. कमळूदादानं बॉनेट उघडलं आणि सुटलेली वायर हातात धरून आम्हाला दाखवली.

मला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, कमळूदादा, कुठलीही गाडी काढ आणि बदलापूरहून तुझ्या दाजींना घेऊन ये. आत्ता. त्यानं एक प्रश्न विचारला नाही. ह्यांनी मात्र तिकडून फोनवर मला झाडलं, की नदी पार खाली आहे, ऊन आहे, उद्या सकाळचं डायलिसिस आहे, मला उगाच कशाला नाचवतेस? मी म्हटलं, अहो, बसा गाडीत, भांडण इकडे आल्यावर करू.

ते येऊन दुकानात चहा घेत होते तेव्हा शेजारणीचा फोन आला. वर कुठेतरी डोंगरात पाऊस कोसळला होता आणि पाणी आमच्या गल्लीत शिरलं होतं. तीन दिवस तिथून कुणाला बाहेर पडता आलं नाही. ते तीन दिवस आम्ही शेठच्या घरी राहिलो आणि सकाळचं डायलिसिस चुकलं नाही. चुकलं असतं तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

ती गाडी घ्यायला मी तयार झाले, तर शेठनं विकायलाच नकार दिला. अजून आहे कोपऱ्यात. “ये बेचने की चीज नहीं है दीदी, ये अपना वेधशाळा है.”

*

आता काय राहिलं? घरी आलो, चिखल काढला आणि मी पर्सच्या आतल्या कप्प्यातून लोनचा कागद बाहेर काढला. मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते, मुदत कमीत कमी घ्या, लवकर मोकळे व्हा. अनंतना म्हटलं, तीन वर्षांची घेऊ या. त्यांनी कागदावर बोट ठेवलं ते थेट शेवटच्या रकान्यावर.

“सात.”

मी म्हटलं, सात कशाला, व्याज किती जातं माहितीय? ते हसले. “सात घेतलीस तर मना सात वरसां थांबाया लागंल. अर्ध्यावर हप्ता टाकून जानारा मानूस नाय मी.”

मी खूप रडले आणि मग सात वर्षांवर सही केली. नवी, छोटी, पांढरी गाडी. चालवायला मी शिकले, कमळूदादानं शिकवलं. ह्यांनी कार्ल्याहून आणवलेली एकवीरेची मूर्ती स्वतः डॅशबोर्डवर बसवली. चालवणारी मी, म्हणून मी म्हटलं तोंड माझ्याकडे करा. त्यांनी ऐकलं नाही. डावीकडे, आपल्या सीटकडे तोंड करून चिकटवली. म्हणाले, तुझं लक्ष रस्त्याकडे असू दे, तिचं माझ्याकडे असू दे.

तेव्हापासून दर महिन्याला हप्ता कापल्याचा मेसेज आला की मी मोबाइल त्यांच्यापुढे धरायचे. ते वाचायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “अजून हाय.” डॉक्टर दोन वेळा म्हणाले, आता तयारी ठेवा. दोन्ही वेळा हे उठून बसले. फायनान्सवाल्यांचे फोन यायचे, मॅडम, उरलेली रक्कम एकदम भरून टाका, सूट देतो. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांना हाच सल्ला देणारी मी, त्या मुलांना असं काही बोलायचे की ते परत फोन करायचे नाहीत.

*

गेल्या महिन्यात सात वर्षं झाली.

शेवटचा मेसेज आला तेव्हा ह्यांनी तो वाचला आणि मोबाइल मला परत दिला. “अजून हाय” म्हणाले नाहीत. दहा-बारा दिवसांनी फायनान्स कंपनीचं पत्र आलं, की कर्ज फिटलं, गाडी तुमची. दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. मी ते पत्र कपाटात साड्यांखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसची पाळी. गाडी अंबरनाथच्या पुढे आली आणि माझं लक्ष डॅशबोर्डकडे गेलं. देवी नव्हती. नुसतं डिंकाचं गोल निशाण. मी बाजूला बघितलं. मूर्ती ह्यांच्या मांडीवर होती, दोन्ही हातांत धरलेली.

“कशाला उतरवली?” मी ओरडलेच.

“उतरवली नाय गो,” ते शांतपणे म्हणाले. “बसलो, पट्टा लावला, तर हितंच होती.”

सात वर्षांत ती मूर्ती कधी हलली नव्हती. एकदा डॅशबोर्ड पुसताना कमळूदादाचा जोरात धक्का लागला होता, तरी नाही. देव ज्यानं बसवला त्याच्याच हातात उतरतो. आणि देव उतरला की... मी पुढचा विचार केला नाही. हॉस्पिटलकडे वळायच्या ऐवजी गाडी कॅम्प पाचकडे घेतली. दुकानाच्या दारात लावली, ह्यांच्या दंडाला धरून आत नेलं आणि माझ्या टेबलासमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. मूर्ती त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. मी बघितली ठेवताना.

मी नवा फॉर्म काढला. शेठ उठून आला. त्याला म्हटलं, माझ्याच गाडीवर परत लोन काढायचंय, आत्ता, बसल्या जागी. तो म्हणाला, पैशांचं काय काम निघालं, मला सांग, मी देतो. मी म्हटलं, पैसे नकोत, हप्ता हवाय. शेठनं माझ्याकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डाव्या हाताकडे, जिथे सुया टोचून टोचून गाठी आल्यात. त्यानं फोन उचलला आणि फायनान्सच्या मॅनेजरला सिंधीतून काहीतरी सांगितलं. फोन ठेवून मला म्हणाला, गाडी सात वर्षांची जुनी आहे दीदी, तीनच्या वर कुणी देणार नाही.

मी फॉर्म भरत गेले. नाव माझं, पत्ता, गाडीचा नंबर. मुदतीच्या रकान्याशी पेन थांबलं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, तेव्हा विचारायलाच हवं.

“अहो, गाडी किती वर्षं ठेवणार?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत इतकं नीट बघितलं नसेल.

“तीन देतायत तर तीन,” ते म्हणाले. “सात वरसां थांबून मी भरला. पन या खेपेला हप्ता तू भरशील, वंदे?”

“मीच भरते की दर वेळी,” मी म्हटलं आणि सही केली. खालच्या ओळीवर त्यांनीही केली. शेठनं शिक्का मारला. हॉस्पिटलला उशीर होत होता म्हणून मी लगेच उठले.

तेवढ्यात कमळूदादा हात पुसत आत आला. तो बाहेर आमच्या गाडीची काच धुवायला गेला होता.

“दाजी, देवी नवीन डिंकानं बसवली काय? चांगली पक्की बसलीय, हालत नाय.”

ह्यांनी खिशावर हात ठेवला. मग खिसा उलटा केला. त्यातून फक्त हॉस्पिटलचं कार्ड निघालं.

“पन ताई,” कमळूदादा म्हणाला, “या खेपेला तोंड तुमच्या सीटकडं केलंय.”